निळ्या दाराचं घर

इथे आखातात, अल बर्शाच्या बागेत आज कापलेल्या गवताचा वास आला आणि अंगावर काटा आला.

वीस वर्षांपूर्वी इथल्या एका फॅक्टरीत इंटरव्ह्यूला गेलो होतो. म्हाताऱ्या इंग्रज मॅनेजरवर छाप पाडायला मी ठोकून दिलं, "सर, तुमच्याकडे खेड्यात राहिलोय मी." माझं इंग्लंड सगळं पॉप गाण्यांच्या कॅसेटींतलं. चर्चची घंटा, हिरवळीवरचं क्रिकेट रंगवता रंगवता जोशात पुलापलीकडचं निळ्या दाराचं घरही जोडलं.

त्याचा चेहरा पांढराफटक. "ते आमचं. मी शाळेत असतानाच पाडलं." मग हळूच म्हणाला, "दारात आई होती?"

नोकरीची गरज होती. "होती, सर," म्हणालो. आणि म्हणताना ती मला खरंच दिसली, ओले हात पुसत उभी; कापलेल्या गवताचा वासही आला.