बिट्टूची शेपटी

बिट्टूची शेपटी मीच कापून घेतली. तेव्हा त्या कुत्र्याच्या पिल्लाचे डोळेही उघडले नव्हते. "या छोट्या जातीत शेपटी ठेवत नाहीत, साहेब. ठेवली तर कोणी अस्सल म्हणत नाही," विकणारा म्हणाला आणि मी मान डोलावली. बायको म्हणाली होती, "अहो, राहू द्या की. तिचं काय ओझं होतंय तुम्हाला?"

काल बागेत एक गावठी कुत्रं त्याच्यासमोर येऊन उभं राहिलं. बिट्टूला खेळायचं होतं. त्याची कंबर हलत होती, इंचभर खुंट थरथरत होता. पण समोरच्याला त्यातलं काहीच दिसलं नाही. ते गुरगुरलं आणि बिट्टू माझ्या पायांत शिरला. कुत्री आपला स्नेह शेपटीनं सांगतात. लोकांनी वळून पाहावं म्हणून मी त्याचं बोलणंच कापून टाकलं होतं. वर तो इवलासाच राहावा म्हणून त्याला कधी पोटभर जेवूही दिलं नाही.

घरी येऊन मी फरशीवर बसलो आणि त्या खुंटावर हात ठेवला. हाताखाली तो हलू लागला. मला पाहून तो रोजच हलत असणार. मी कधी हात लावून पाहिलं नव्हतं.

"चुकलं रे माझं," मी त्याला म्हणालो.