सकाळी दाताला काय लावता?

व्यसनांच्या सर्वेक्षणासाठी शिरोळकडच्या त्याच पोरापोरींकडे मी दर वर्षी जाते. प्रश्न तेच असतात, उत्तरं बदलली का ते बघायचं. त्यातली एक पोरगी पंधराची असल्यापासून मला उत्तरं देतेय. घरच्यांसमोर विचारायचं नाही असा नियम, म्हणून आम्ही दोघी गोठ्यामागं बसायचो. तंबाखू खातेस का, या प्रश्नाला तीन वर्षं तिचं "न्हाय" ठरलेलं. मला तिचं कौतुकच वाटायचं.

चौथ्या वर्षी मी सकाळी लवकर पोचले, तर ही दारात बसून बोटानं दातांना मिसरी लावत होती. मिसरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूचीच पूड. माझं डोकं फिरलं. "तीन वर्षं खोटं सांगितलंस मला?"

तिनं सावकाश चूळ भरली. "खोटं कशाला सांगू मॅडम? तुम्ही तंबाखू इचारली. ही दात घासायची हाय. आई लावती, आजी लावती. न्हाय लावली तर दिवसभर डोकं दुखतं." मग चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाली, "सकाळी दाताला काय लावता, असं इचारा की."

आता तो प्रश्न आमच्या फॉर्मवर तिच्याच शब्दांत छापलेला आहे, आणि तीन वर्षं "नाही" म्हणणाऱ्या किती तरी पोरी त्याला "हो" म्हणतात. अहवालात सगळ्यांचे आभार मानले, तिचे राहिले. तिचं नाव कुणालाही सांगणार नाही, असा शब्द ती पंधराची असताना मीच तिला दिलाय.