वाळू नसलेली खोली

समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये सोळा वर्षं खोल्या झाडणाऱ्या मावशींच्या मनात पाल चुकचुकली. दोन लहान मुलं, मुक्कामाचा तिसरा दिवस, आणि खोलीत वाळूचा कण नाही! पोरांना कोंडून तर ठेवत नाहीत ना? मॅनेजरला सांगावं, तर खोटं ठरल्यास नोकरीवर गदा. शेवटी देवाचं नाव घेऊन त्यांनी दार वाजवलं.

मुलांची आई हातात फडकं घेऊनच आली. मागे समुद्रावरून नुकतीच परतलेली मुलं ओल्या केसांनी उड्या मारत होती.

"ताई, खोली रोज तुम्हीच पुसता?"

"काय करू मावशी, मीही हॉटेलात हेच काम करते. सुट्टीतही हात स्वस्थ बसत नाहीत."

मावशींचा जीव भांड्यात पडला. तरी त्यांनी पलंगाखाली वाकून पाहिलंच.

"तिथलंही काढलंय हो!" ती हसली.