एका कार्डावर एक वस्तू

आमच्या गावच्या वाचनालयात मी तीस वर्षं ग्रंथपाल होतो. एवढ्या वर्षांत नोंदवहीत खोटं एकदाच राहू दिलं, आणि तेही एका बाईच्या नावावर.

ती बसस्टँडमागे शिलाईकाम करते. पूर्वी दर शनिवारी येऊन सगळ्यांत जाड कादंबरी मागायची. पुढे नजर अधू झाली. सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागू लागली आणि तिचं वाचनही सुटलं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, परदेशात राहणाऱ्या गावच्याच एका डॉक्टरांनी वाचनालयाला पुस्तकं भरलेले चार टॅब दिले. मी ते पुस्तकांसारखेच दाखल करून घेतले. पाठीवर शिक्का मारला. तो पुसला गेला, म्हणून खाकी कव्हर घालून त्यावर मारला. चार्जर ही वेगळी वस्तू, म्हणून त्यांना वेगळे दाखल क्रमांक दिले. आमचा नियम होता, एका कार्डावर एक वस्तू. त्यामुळे टॅब वाचकाच्या घरी आणि चार्जर माझ्या कपाटात. यात काही चुकतंय असं मला जराही वाटलं नाही.

पहिला टॅब त्या बाईनेच नेला. दोन बोटांनी अक्षर ताणून कसं मोठं होतं ते मी तिला दाखवलं, तशी ती ओरडलीच, "अगं माय! भाकरीएवढा 'क' झाला जी!" पेपर वाचणाऱ्या सगळ्या माना वर झाल्या.

चौथ्या दिवशी ती टॅब घेऊन परत आली. पडदा काळाठिक्कर.

"काय केलं याला?" मी विचारलं.

"काही नाही केलं जी. वाचता वाचता बंद पडला. चार्जिंग सरली असंन. फोनचं बी तसंच होते ना."

"मशीनचं मला शिकवू नका."

"काहून चिडता? वायर लावून तं पाहा!"

मी वायर लावून पाहिली नाही. लाल शाईने लिहिलं, 'वाचकाकडून नादुरुस्त. कार्ड बंद.' वर ते सगळ्यांसमोर तिला वाचून दाखवलं. तिने पिशवी उचलली आणि निघून गेली.

आठवड्याने कपाट आवरताना मी सहज चार्जर लावला. थोड्या वेळाने टॅब उजळला. तिचंच पान उघडं होतं, भाकरीएवढ्या अक्षरांचं.

मी तेव्हाच तिच्या घरी जायला हवं होतं. पण निवृत्तीचा सत्कार तोंडावर आला होता. त्यात अध्यक्ष म्हणाले, यांच्या नोंदी म्हणजे आरसा. मी मान खाली घालून शाल घेतली. लोकांना वाटलं, विनय.

दोन वर्षं गेली. नव्या ग्रंथपाल मुलीने टॅब आणि चार्जर एकाच पिशवीत घालून द्यायला सुरुवात केली. मी रोज पेपर वाचायला जायचो. एकदा एक म्हातारा टॅबवर अक्षरं मोठी करून एकटाच हसत होता. त्या दिवशी माझं पेपरात लक्ष लागेना. उठलो आणि थेट बसस्टँडमागे गेलो.

मशीनवर बसलेल्या त्या बाईला सगळं सांगितलं. तिचा पाय थांबला.

"मले माहीत होतं ते. म्या सांगतलं बी होतं. तुमी आयकलं कुठं?"

"चुकलो."

"इथं चार भिंतीत नका सांगू, भाऊ. वहीत लिहा. लाल शाईनं लिहिलं होतं ना? मग लालच पाहिजे."

दुसऱ्या दिवशी ती आली. ग्रंथपाल मुलीने जुनी नोंदवही काढून दिली. ती ओळ खोडून मी खाली लाल शाईनेच लिहिलं, 'टॅब चांगला होता. चार्जर दिला नव्हता. चूक ग्रंथपालाची. कार्ड चालू करावे.' सगळे पेपर खाली ठेवून माझ्याकडेच बघत होते.

"वाचून दाखवू?" मी विचारलं.

"तुमी नका वाचू. मागच्या बारी तुमीच वाचलं होतं."

तिने मुलीकडून टॅब मागून घेतला, वहीच्या त्या पानाचा फोटो काढला आणि दोन बोटांनी ताणला. माझी बारीक अक्षरं भराभर फुगली. ती एकेक शब्द मोठ्याने वाचत गेली. 'चूक ग्रंथपालाची' हे शब्द तिने दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना तिला हसू आवरेना.

"अन् सही?"

खरंच, सही राहिली होती. तीस वर्षांच्या चोख नोंदींनंतर! मी सही केली. तिने पुन्हा फोटो काढून ती तपासली.

"आता बरोबर," ती म्हणाली. टॅब पिशवीत ठेवला, वर चार्जर ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "कार्ड एक अन् वस्तू दोन. तुमच्या नेमात बसते का हे?"

सगळं वाचनालय हसलं. शांतता राखा असं लिहिलेल्या पाटीखाली सगळ्यांत मोठ्याने मीच हसत होतो.