चाळीसवरचा काटा

आमच्या नाटक मंडळीत अस्लमइतका भरवशाचा माणूस दुसरा नव्हता, आणि तो कधी रंगमंचावर आला नाही. तो गाडी चालवायचा. दापोलीचा खेळ संपला की मुकुट, गदा, पेटी आणि आम्ही, सगळं त्याच्या काळ्या अँबॅसिडरमध्ये कोंबून तो उजाडायच्या आत पुढच्या गावाला पोचवायचा. मी मागच्या सीटवर तोंडाचा रंगही न पुसता झोपून जायचे. इतका त्याच्या हातावर विश्वास.

मंडळी कधीच मोडली. मी रत्नागिरीजवळ गोळपला येऊन राहिले. अस्लमचं घर इथेच, मोहल्ल्यात, माझ्या घराच्या खालच्या अंगाला. गाडी तीच.

त्याची बायको हमिदा. लग्नाच्या पुढच्याच वर्षी तिचा भाऊ ट्रकसकट घाटातून खाली गेला. ‘फार जोरात होता,’ एवढंच लोकांनी येऊन सांगितलं. ते एक वाक्य तिच्या मनात जे रुतलं ते रुतलंच. तेव्हापासून गाडीत बसली की तिची नजर रस्त्यावर नसायची, काट्यावर असायची. त्या जुन्या अँबॅसिडरमध्ये वेगाचं मीटर चालकापुढे नसतं, बरोबर मधोमध असतं. शेजारी बसणाऱ्यालाही स्वच्छ दिसतं. काटा चाळीसच्या पुढे सरकला की हमिदा दाराची कडी घट्ट धरायची. अस्लम मग पाय सैल करायचा.

आणि मुलाच्या, रय्यानच्या वेळी तिचे दिवस भरत आले असताना मीटरची केबल तुटली. काटा शून्यावर पडला तो पडलाच. केबल मुंबईहून यायची होती. हमिदा दारात उभी राहून म्हणाली, “किती पळते ते कळत नाय, तसल्या गाडीत मी पोटातलं पोर घेऊन बसू?”

अस्लम धावत आला तो आमच्या केरूकडे. केरू आमचा पडद्यामागचा माणूस. विंगेत बसून दोरीने चंद्र वर चढवायचा. त्याने मीटरची काच काढली, काट्याच्या मुळाशी तंगूस बांधली, म्हणजे मासे पकडायची ती पारदर्शक नायलॉनची दोरी, आणि दुसरं टोक स्टिअरिंगखाली आणून त्याला फास केला. गाडी चालू झाली की फास खिळ्याला अडकवायचा, काटा चाळीसवर. थांबली की सोडायचा, काटा शून्यावर. “चंद्र चढतो तर काटा नाय चढणार?” केरू म्हणाला.

हमिदा बसली, दवाखान्यात पोचली, रय्यान झाला. मुंबईची केबल मागाहून आली. ती अस्लमने कधी लावलीच नाही. का लावील? बायको शेजारी बसून पहिल्यांदाच खिडकीबाहेर बघायला लागली होती. भाट्याची खाडी, पलीकडचे माड, सगळं तिने तेव्हा पाहिलं.

रय्यान मोठा झाला, कतारला गेला. केरू वारला. अस्लमचा हात मात्र किल्ली फिरवली की आपोआप त्या फासाकडे जायचा.

गेल्या वर्षी हमिदाची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा रत्नागिरीत डायलिसिस. एक खेप चुकली तरी तिचे पाय सुजतात, धाप लागते. अस्लम मला म्हणाला होता, “ताई, दुखणं माझ्या हातात नाय. सुई डॉक्टर टोचणार, रक्त मशीन धुणार. मी फक्त नेऊ शकतो.” मागच्या सीटवर त्याने तिच्यासाठी कायमची उशी ठेवली. परतताना तिला बसवत नाही, ती आडवी होते.

मे महिन्यात रय्यान रजेवर आला. गुणी मुलगा. बापाला न सांगता गाडी शहरात मेस्त्रीकडे नेली आणि मीटर दुरुस्त करून आणलं.

“अब्बा, केबल नवी घातली! खाली कसलीतरी दोरी लोंबत होती, ती काढून टाकली.”

पोराचा चेहरा इतका खुललेला की अस्लम फक्त “बरं केलंस” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं. मलाही डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं म्हणून मी मागे उशीशेजारी बसले. अस्लमने किल्ली फिरवली. हात सवयीने खाली गेला, रिकामा परत आला. आणि काटा आपला आपण चढू लागला.

बिचाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं चाळीस बघून त्यालाही वाटत होतं की आपण चाळीसच्याच आसपास आहोत. गोळपच्या उतारावर काटा अठ्ठावन्नवर गेला.

“रय्यानचे अब्बा, हे काय?”

“नवीन आहे ना, उड्या मारतो.”

“काटा नाय मारत उड्या. गाडी मारते.”

त्याने गाडी कडेला घेतली. हमिदा शांतपणे म्हणाली, “मग इतकी वर्षं चाळीस कोण दाखवत होता?”

अस्लमने आरशातून माझ्याकडे पाहिलं. संवाद विसरलेला नट विंगेतल्या प्रॉम्प्टरकडे बघतो ना, तसं. जन्मभर मी दुसऱ्यांचे विसरलेले संवाद सावरून घेतले, त्या वेळी मात्र मी उशी नीट करत बसले. मग त्याने सगळं सांगितलं. केरू, तंगूस, फास.

“रय्यान पोटात होता तेव्हापण?”

“हो.”

ती दार उघडून उतरली. मागून आमच्याच गावातल्या शिवाची रिक्षा येत होती, “तीन चाकांची ती, किती पळणार?” म्हणत तिला हात केला आणि गेली.

त्यानंतर रय्यानने आईची किती मनधरणी केली! एकदा बसलीसुद्धा. अस्लमने मोहल्ल्याच्या वळणापर्यंत गाडी अशी चालवली की काटा चाळीसवर जसा काही कोरलेला. पहिल्यांदाच खराखुरा चाळीस. हमिदा त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “आज कोण ओढतंय?”

उतरली.

कतारला परत जाताना रय्यान रडवेला झाला. “अब्बा, ती दोरी परत लावू?”

“आता लावून काय? तिला माहीत झाली.”

खरं होतं ते. प्रेक्षकाला एकदा दोरी दिसली की तो चंद्र पुन्हा उगवत नाही.

तर आता असं आहे. हमिदा शिवाच्या रिक्षातून जाते आणि अस्लम रिकामी गाडी घेऊन मागोमाग. न जाणो, वाटेत तिला आडवं व्हावंसं वाटलं तर. कधी कधी मी सोबत बसते, त्याला बोलायला कुणीतरी हवं म्हणून. परवा भाट्याच्या पुलावर रिक्षा सुसाट सुटली. मागच्या फटीतून हमिदाची ओढणी फडफडत होती. बाजूचा दांडासुद्धा धरलेला नाही. चेहरा खाडीकडे.

मी आमच्या काट्याकडे पाहिलं. पंचावन्न.

“अस्लम, शिवाच्या रिक्षाचं वेगाचं मीटर चालतं का रे?”

“कधीचं बंद आहे. वर गणपतीचा फोटो चिकटवलाय त्याने.”

खड्ड्यात रिक्षा उडाली, तसा अस्लमच आपल्या सीटवर कळवळला.

“मी सांगू तिला?” मी विचारलं. “रिक्षा किती पळते ते?”

पूल संपला.

“नको, ताई,” तो म्हणाला. “मग ती जाईल कशातून?”

आणि रिक्षा मागे पडू नये म्हणून त्याने पाय आणखी दाबला.