नाय म्हाराजा

माझी नात पुण्याला एका प्रयोगशाळेत काम करते. मे महिन्यात आली की मागच्या पडवीत पाय सोडून बसते आणि मी फणस फोडत असताना मला मेंदूचं शास्त्र शिकवते. मी शाळेत चार बुकं शिकले, पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून. तरी ह्या वेळी तिनं सांगितलेलं मला लगेच कळलं. त्यातलं निम्मं मी डोळ्यांनी बघितलेलं होतं.

ती म्हणाली, "आजी, म्हातारपणी ज्यांचा विसर फार वाढतो ना, त्यांच्यातल्या पुष्कळांच्या मेंदूत एक प्रथिन साठत जातं. त्याचे तुकडे चिकट, एकमेकांना धरून गोळे होतात."

"ह्या फणसाच्या चिकासारखे?"

"तसेच. ते साफ करणाऱ्या पेशीही असतात मेंदूत. त्यांच्या अंगावर रिसेप्टर असतात. रिसेप्टरनं कचरा ओळखला की पेशी जागी होते आणि तो गिळून टाकते. नाही ओळखला, तर नुसती बसून राहते."

"म्हणजे नाक गो," मी म्हटलं. "दारच्या खळ्यात मासळी कुजतेय, बाईच्या हातात केरसुणी आहे, पण नाक चोंदलेलं. वासच येत नाही तर ती झाडणार काय!"

ती हसली. "अगदी. आणि दुसऱ्या काही पेशींचे रिसेप्टर उलटंच करतात, वाईट प्रथिनाला दार उघडून आत घेतात. मग ते ह्या पेशीतून त्या पेशीत पसरतं. काही माणसांचे रिसेप्टर जन्मापासूनच जरा वेगळे असतात. अजून पुष्कळ कळायचं आहे म्हणा."

"ते कळेल तेव्हा कळेल. मला एवढंच सांग, ह्यात त्या माणसाची चूक किती?"

"चूक?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "चूक कसली?"

घ्या! हेच मी भर देवळात सांगितलं होतं, तेव्हा हिचा बाप अर्ध्या चड्डीत होता.

आमचा जिल्हा तेव्हा नवा झाला होता. नवरा ओरोसच्या कचेरीत कारकून, सकाळच्या एस्टीनं जायचा तो दिवेलागणीला परत. दिवसभर घरात मी आणि सासू, आणि भिंतीपलीकडच्या अर्ध्या घरात मोठे दीर. माझी सासू म्हणजे काय बाई होती सांगू! मालवणच्या बाजारात ती दिसली की मासळीवाल्या शिळी टोपली झाकून घ्यायच्या. तीच बाई आमटीत मीठ घालायची, परत घालायची, वर आणखी घालायची. सुके बांगडे उशीखाली ठेवायची. एक दिवस मला कोणाची पोरगी समजून म्हणाली, "गो चेडवा, तू कोणाचा?"

"तुझाच, आये."

"मगे बरा," म्हणाली आणि जेवायला बसली.

मग ती शेजारणीच्या घरात शिरली, तिची चूल पेटवली आणि आपलंच घर समजून भात शिजत घातला. शेजारणीनं वाडीभर केलं, म्हातारीला बाधा झाली. डॉक्टर म्हणाले, वय झालं. दीरांनी सुतार आणला आणि नारळ ठेवायच्या मागच्या खोलीला बाहेरून कडी बसवून घेतली. म्हणाले, "देवाक गाऱ्हाणा घालूया. गुण इलो तर बरो. नायतर आये आता हय रवात."

त्या खोलीला खिडकी नव्हती.

आमच्याकडे गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे गावाच्या वतीनं देवाशी बोलायचा मान एका घराण्याचा. त्या घरातले म्हातारे गावकर हातात नारळ धरून एकेक वाक्य बोलायचे, आणि जमलेल्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" देवासमोर एकदा व्हय म्हटलं की ते सगळ्यांना बांधलं. मागे फिरता येत नाही. ठरल्या दिवशी गाव देवळात जमला, मी सासूला शेजारी घेऊन मागे बायकांत बसले.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या म्हातारेच्या हातसून, कळत नकळत, जी काय चूक झाली आसात रे म्हाराजा—"

"नाय म्हाराजा!"

हे मी बोलले होते. पुढे बसलेली सगळी डोकी वळली.

"गप रव गो!" दीर ओरडले. "बायलमाणसान देवळात मधी बोलाचा नसता!"

"मगे तुमी बोला भावोजी. आयेची चूक काय ती सांगा. एक सांगा."

"देव रागावलो म्हणान तर ही अशी झाली!"

"जिना इतकी वर्सा ह्या देवळाचा आंगण सारवल्यान, तिच्यावर देव रागावतलो? तुमी देवाक वळाखतासच नाय!"

मी खाली बसले नाही. एकदा चूक कबूल झाली की कडीही कबूल, हे मला दिसत होतं.

गावकरांनी नारळ तसाच धरून विचारलं, "मगे तुझा म्हणणा काय?"

"माफी नको. इतक्याच मागा. आये वाट चुकली, तर जो कोण बघीत तेना तिका हाताक धरून आमच्या दारात आणून सोडूची."

गावकर देवाकडे बघत राहिले. सासू इतका वेळ माझ्या पदराचं टोक विंचरत बसली होती. गाऱ्हाण्यात वाक्यानंतर गप्प झालं की काय म्हणायचं, ते ती पोरवयापासून म्हणत आलेली. तिनं मान वर केली आणि खणखणीत म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

मागची बायकामाणसं खुदकन हसली. गावकरही मिशीत हसले. "जिच्यासाठी गाऱ्हाणा, तीच व्हय म्हणता. आता मी नाय म्हणूक कोण?" आणि देवाकडे वळून त्यांनी माझेच शब्द आपल्या भारी आवाजात घातले. सगळा गाव व्हय म्हणाला. दीरांचे ओठ हललेले मी बघितले.

कडी मी दुसऱ्या दिवशी काढली आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावली.

गुण आला नाही. यायचा नव्हताच. पण सासू कुठेही गेली तरी कोणीतरी हाताला धरून आणायचं. तीच शेजारीण एकदा दारात उभी, "घे गो तुझी सासू. आमच्यात घावणे घालूक बसलेली. बरे घालता हां!" शेवटपर्यंत सासूनं मला काही ओळखलं नाही. चेडू म्हणायची. मला तेवढं पुरलं. गेली ती पुढच्या खोलीत, उघड्या दाराशी.

आता मीही कधी कधी पोरांची नावं उलटसुलट घेते. परवा एक बाई मला सांगून गेली, "काकी, बदाम खात जावा, शब्दकोडी सोडवत जावा, नायतर तुमचापण तसाच होतला." म्हणजे उद्या मी विसरले तर बदाम कमी पडले म्हणून! तेव्हा देवाचा राग, आता बदाम. माणसाची चूक काढल्याशिवाय कोणाला चैन पडत नाही. माझे रिसेप्टर काय करायचं ते करोत, मी कोणाची माफी मागणार नाही.

माझ्यासाठीही गाऱ्हाणं खुशाल घाला. शब्द मात्र तेच, एकही बदलायचा नाही. मागच्या खोलीच्या चौकटीला त्या कडीची भोकं राहिली होती. त्यांत मी फणसाच्या लाकडाच्या खुंट्या ठोकून ठेवल्यात, पार आतपर्यंत.