अनसूयाबाईंच्या कॅलेंडरवरच्या फुल्या

पुंडलिकनगरातल्या त्या गल्लीत रस्त्यावर माणूस तुडवला गेला, त्याबद्दल सगळे उन्हाळ्याला दोष देतात. पाण्याला देतात, महापालिकेला देतात. पण त्या मारामारीची सुरुवात अनसूयाबाईंच्या स्वयंपाकघरात, खिळ्याला टांगलेल्या कॅलेंडरवर झाली होती. हे कुणी बोलत नाही, म्हणून सांगायचं.

लग्न होऊन आल्यापासून, चाळीस वर्षं, बाई कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडत आल्या. दूधवाला आला नाही की त्या तारखेवर फुली. आला, तर काही नाही. आलेल्या दिवसाची कसली आलीय खूण? घरोघरी हीच रीत.

मग तो दुष्काळ आला. नाथसागर धरणाचा तळ उघडा पडला, आणि शहर मात्र बीड बायपासच्या पलीकडं मजल्यावर मजले चढवत सुटलेलं. नळाला तीन दिवसांआड पाणी, तेही आलं तर. टँकरवर रोज रक्त निघायचं. चतुराबाईंनी शेजारणीच्या कपाळावर कळशी हाणली, सात टाके पडले. एका भाडेकरूला केस धरून टँकरच्या चाकापर्यंत फरपटत नेलं. सज्जन माणसं होती हो सगळी! एकमेकांकडं सत्यनारायणाचा प्रसाद घ्यायला जाणारी. त्या उन्हाळ्यात त्यांचे डोळेच फिरले.

बाईंचे यजमान वैजनाथराव जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, असा त्यांचा बाणा. त्यांनी त्याच कॅलेंडरवर लाल पेन चालवायला घेतलं. पाण्याची पाळी कोरडी गेली आणि व्हॉल्व सोडणारा सांडू लाइनमन गल्लीत दिसला, की लाल फुली. जानेवारीपासून मेच्या मध्यापर्यंत अकरा फुल्या झाल्या.

"अकरा!" त्यांनी गेटवर गल्ली जमवली आणि कॅलेंडर फडकवलं. "अकराही वेळा हा इथं होता. हा आला की पाणी गायब. आता याला योगायोग म्हणायचं?"

"त्यांच्या वस्तीला सोडत असेल," मागून कुणीतरी पुटपुटलं.

सांडूच्या वस्तीत नळच नव्हता. त्याची बायको सुलेखा पहाटे दोन हंडे घेऊन टँकरमागं पळायची. एवढं विचारायला कुणाच्या बापाचं काय जात होतं? पण "त्यांच्या" म्हटलं आणि सगळ्यांना सगळं कळलं. अक्कल गहाण टाकून माना डोलवल्या.

बाईंच्या ओट्यासमोरच्या खिडकीतून व्हॉल्वचं चेंबर सरळ दिसायचं. दुपारी पानं घेतली तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, पाणी येतं त्या दिवशीही तोच येतो की. मी त्याला चहा देते ना."

"तशी खूण आहे का कुठं कॅलेंडरवर?" वैजनाथरावांनी विचारलं.

नव्हती.

"मग झालं. पोळी वाढ."

बाईंनी पोळी वाढली.

बावीस मेला सकाळी सात वाजता सांडू सायकलवरून आला. चेंबरचं झाकण सरकवलं, लांब लोखंडी चावी आत घातली आणि वाकला. तेवढ्यात बाईंचा थोरला, श्रीरंग, मागून गेला आणि त्यानं सांडूची कॉलर धरली.

"सापडला! रंगेहाथ सापडला!"

"दादा, पाणीच सोडाया आलोय. वरून प्रेशर नव्हतं म्हणून उशीर झाला. हात सोडा..."

पहिला ठोसा तोंडावर बसला. दोन दात रस्त्यावर पडले. मग दहा-पंधरा जण तुटून पडले. लाथा, चपला, एकाच्या हातात हेल्मेट. बँकेतला एक गरीब स्वभावाचा माणूस, बायकोला घाबरून आवाज न चढवणारा, तो सांडूच्या बरगड्या तुडवत होता. सांडू रक्त थुंकत ओरडत होता, "मला चावी फिरवू द्या! चार आटे फिरवू द्या, मग मारा!" कुणी ऐकलं? श्रीरंगानं तीच चावी चेंबरातून उपसली आणि त्याच्या उजव्या कोपरावर घातली. हाड मोडल्याचा आवाज बाईंना ओट्यापाशी ऐकू आला.

बाई अनवाणी धावत सुटल्या आणि सांडूवर आडव्या पडल्या. चावीचा पुढचा घाव त्यांच्या डाव्या मनगटावर आला. बांगड्यांच्या काचा मांसात घुसल्या. त्या तशाच उठल्या आणि उजव्या हातानं श्रीरंगाच्या थोबाडीत लगावली.

"मार ना, मुडद्या! आता आईला मार!"

गर्दी थबकली. सांडूला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तेव्हा त्याला शुद्ध नव्हती.

आणि गल्ली काय करत होती? हंडे मांडून बसली होती! आठ वाजले, नऊ वाजले, नळ कोरडेच. पाणी येणार कुठून? चावी रस्त्यावर रक्तात पडलेली, आणि ती कशी फिरवायची हे एकालाही माहीत नव्हतं.

वैजनाथराव आत आले. लाल पेन काढलं आणि त्या तारखेवर फुली मारली.

"बारावी. आजही आला, आजही पाणी नाही. आता हे कॅलेंडर घेऊन चौकीत जातो. त्याची नोकरी घालवल्याशिवाय राहत नाही."

मनगटाला पंचा गुंडाळून बसलेल्या बाई उठल्या. कॅलेंडर खिळ्यावरून ओढलं.

"पाणी आलं त्या दिवसांच्या खुणा दाखवा."

"काय?"

"पाणी येतं तेव्हा तुम्ही सगळे आत, मोरीत, हंडे भरत असता. बाहेर बघायला सवड असते कुणाला? कोरडा दिवस असला की गल्ली गेटवर उभी. मग सांडू दिसणार नाही तर काय होईल! पाणी आलं तेव्हा चावी काय देवानं येऊन फिरवली? खाडेच मांडत बसलात. आल्या दिवसाचं काय?"

वैजनाथरावांनी पानं उलटली. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. फुल्यांच्या मधल्या तारखा कोऱ्या होत्या.

"अगं, पण श्रीरंगाचं काय होईल?"

बाईंनी चप्पल पायात सरकवली आणि कॅलेंडर काखेत मारून त्या चालू लागल्या.

चौकीत जमादारानं मारणाऱ्याचं नाव विचारलं. "श्रीरंग. माझा मुलगा."

"भरीला कुणी घातलं?"

चाळीस वर्षांत बाईंनी नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. "वैजनाथ," त्या म्हणाल्या. "आणि माझंही लिहा. मला सगळं दिसत होतं, मी पोळ्या वाढत बसले."

"त्याला कलम नसतं, आजी."

"नसू दे. तुम्ही लिहा."

सांडूची नोकरी वाचली, उजवा हात मात्र पुन्हा सरळ झाला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं डोळे उघडले, तेव्हा सुलेखेच्या शेजारी बाई बसल्या होत्या, प्लास्टरमधला डावा हात गळ्यात अडकवून. त्यानं सुजलेल्या ओठांनी विचारलं,

"काकू, आलं का पाणी मग?"